‘जुन्या गावांच्या बीअर’ या मालिकेवरील परीक्षणाला ब्रुअरीच्या मालकाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या ‘जुन्या गावांच्या बीअर’ या मालिकेविषयी आपण लिहिलेले परीक्षण मी लक्षपूर्वक वाचले. आपले आक्षेप असे आहेत: गोझे ही जर्मन बीअर खारट आणि आंबट होती, म्हणजे ती नासलेली असावी. बीअरमध्ये मीठ आणि धणे घालणे, बीअरचे घटक ठरवून देणाऱ्या जर्मन शुद्धता कायद्याच्या विरुद्ध आहे. अठराव्या शतकातील म्हणून दिलेली पोर्टर ही लंडनची बीअर काळी नव्हती. ग्रोजिस्के या पोलिश बीअरला धुराचा वास येत होता आणि तरीही ती महाग होती. लेबलांवर एकही रंजक गोष्ट नव्हती. आणि एकूणच इतिहासाचे नाव पुढे करून नेहमीचाच माल खपवण्याचा हा उद्योग आहे. यांतील शेवटचा आक्षेप आधीच्या आक्षेपांशी जुळत नाही, एवढे सुरुवातीलाच नोंदवतो. माल नेहमीचाच असता, तर त्याची चव, रंग आणि वास आपल्याला इतके अनोळखी वाटले नसते.

गोझेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपला सर्वांत कठोर शेरा तिच्यावर आहे. जर्मनीतील गोस्लार गावातून वाहणाऱ्या गोझे या लहानशा नदीवरून या बीअरला नाव मिळाले. अठराव्या शतकात ती लाइपझिगला पोहोचली आणि त्या शहराने तिला इतके आपलेसे केले, की १९०० च्या सुमारास तेथे गोझे देणारी ८० हून अधिक मद्यगृहे होती. किमान निम्मा गव्हाचा माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य), धणे, मीठ आणि लॅक्टिक आम्लाचा आंबटपणा ही तिची ओळख आहे. आमच्या ब्रुअरीत माल्टचा गोड काढा, ज्याला या धंद्यात वर्ट म्हणतात, सुमारे ४० अंश सेल्सिअसला ठेवून त्यात लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दूध विरजणाऱ्या जिवाणूंच्याच कुळातले जिवाणू, सोडले जातात. पीएच, म्हणजे आंबटपणा वाढला की उतरणारा आकडा, पाचाच्या वरून साडेतीनच्या खाली उतरला, की काढ्याला उकळी देऊन जिवाणूंचे काम थांबवले जाते. उकळ संपत आली की भरडलेले धणे आणि मीठ पडते, आणि यीस्ट त्यानंतर, काढा गार झाल्यावर येते. म्हणजे आपल्याला जो आंबटपणा जाणवला, तो मोजून आणलेला आणि मोजून थांबवलेला आहे. बीअर खरोखर बिघडते तेव्हा व्हिनेगरचा नाकात चढणारा दर्प येतो किंवा तोंडात लोण्यासारखा चिकटपणा राहतो. आपण ज्या पिंपातील गोझे घेतली, त्यातील नमुना आम्ही परीक्षण वाचल्यावर तपासला आणि त्यात यांपैकी काहीही आढळले नाही.

शुद्धता कायद्याचा आपण उल्लेख केलात, म्हणून सांगतो. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे जाहीर झालेला तो आदेश बव्हेरियाच्या दोन ड्यूक बंधूंचा होता आणि बव्हेरियापुरताच होता. गोस्लार आणि लाइपझिग त्या राज्यात नव्हते. संपूर्ण जर्मनीला तो नियम लागू झाला १९०६ साली, आणि प्रादेशिक वैशिष्ट्य म्हणून गोझेला त्यातून सूट मिळाली. त्या मूळ आदेशात जव, हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुले) आणि पाणी एवढेच घटक आहेत, यीस्टचा उल्लेखही नाही, त्यामुळे तो शब्दशः पाळायचा म्हटले तर कोणालाच बीअर करता येणार नाही.

गोझेचा अलीकडचा इतिहास माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. लाइपझिगमध्ये तिचे उत्पादन करणारी शेवटची ब्रुअरी १९६६ साली बंद पडली आणि ही बीअर बाजारातून नाहीशी झाली. पुढे लाइपझिगमधील मद्यगृहचालक लोथार गोल्डहान यांनी ती पुन्हा उभी करायचे ठरवले, तेव्हा त्यांनी गोझे प्यायलेल्या जुन्या गिऱ्हाइकांना गाठून तिची चव नेमकी कशी होती याची विचारपूस केली. आजूबाजूची एकही ब्रुअरी असली विचित्र बीअर करायला तयार होईना. शेवटी पूर्व बर्लिनमधील एका ब्रुअरीने होकार दिला, १९८५ साली चाचण्या झाल्या आणि १९८६ पासून गोझे पुन्हा मिळू लागली. म्हणजे आज जगभर जी गोझे होते, तिच्या मुळाशी काही म्हाताऱ्या माणसांच्या जिभेची आठवण आहे. हा पुरावा कागदापेक्षा कमी प्रतीचा आहे असे कोणी म्हणू शकेल, मी म्हणणार नाही. (जुन्या गोझेच्या लांब मानेच्या बाटलीला बूच नसे, वर चढलेले यीस्टच मानेत वाळून बुचाचे काम करीत असे. हा प्रकार आम्हाला फार आवडतो, पण आम्ही झाकणच लावतो.)

पोर्टरच्या रंगाविषयीचा आपला आक्षेप वाचून मला, खरे सांगायचे तर, बरे वाटले, कारण सर्वाधिक खल आम्ही याच मुद्द्यावर केला होता. आज पोर्टर म्हटले की काळीभोर बीअर डोळ्यांसमोर येते. परंतु तो काळेपणा देणारा माल्ट न जाळता भाजता येईल असे फिरत्या पिंपाचे यंत्र डॅनियल व्हीलर यांनी १८१७ साली पेटंट केले. त्याआधी जवळजवळ शतकभर लंडनमध्ये पोर्टर होत होती आणि तिचा रंग लाकडाच्या आचेवर वाळवलेल्या तपकिरी माल्टचा होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रुअरींमध्ये हायड्रोमीटर हे काढ्यातील साखरेचा अंदाज देणारे उपकरण आले, तपकिरी माल्टमधून साखर किती कमी उतरते हे त्याने आकड्यांत दाखवले, आणि मालक मंडळी फिकट माल्टकडे वळली. त्यामुळे रंग कमी पडू लागला आणि तो भरून काढण्यासाठी व्हीलर यांच्या भट्टीला मागणी आली. अठराव्या शतकाचे नाव लावून काळी पोर्टर दिली असती, तर आपला आक्षेप कदाचित टळला असता, पण लेबल खोटे ठरले असते.

त्याच पोर्टरमध्ये आपल्याला ‘ओल्या चामड्यासारखा’ वास आला, असेही आपण लिहिले आहे. तो ब्रेटानोमायसिस या यीस्टचा आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लाउसन या संशोधकांनी १९०४ साली साठवणीतल्या इंग्लिश बीअरमधून ते वेगळे काढून दाखवले. जुनी पोर्टर लाकडी हौदांत महिनोन्‌महिने मुरत असे, आणि हे यीस्ट त्या लाकडात घर करून असे. मात्र आजच्या तपकिरी माल्टमध्ये पिष्टाची साखर करणारी विकरे जवळजवळ उरत नाहीत, म्हणून आम्हाला सोबत फिकट माल्ट घ्यावा लागतो. बाटलीच्या मागच्या बाजूला हे छापलेले आहे. जुना कागद कुठे संपतो आणि आमची निवड कुठे सुरू होते, हे गिऱ्हाइकाला कळले पाहिजे, एवढाच या मालिकेचा दावा आहे.

याहून मोठा दावा कोणाला करता येईल, असे मला वाटत नाही. तुर्कस्तानातील गॉर्डियन येथे १९५७ साली उघडलेल्या राजघराण्याच्या थडग्यातील भांड्यांच्या तळाशी जो साका मिळाला, त्याचे पृथक्करण पुढे प्राचीन पेयांचे अभ्यासक पॅट्रिक मॅकगव्हर्न यांच्या चमूने केले आणि त्यात द्राक्षे, जव आणि मध यांच्या खुणा सापडल्या. त्यावरून अमेरिकेतील डॉगफिश हेड या ब्रुअरीने पेय तयार केले, तेव्हा कडवटपणासाठी केशर वापरले गेले. केशराची निवड हा अंदाज होता आणि मॅकगव्हर्न यांनी तो अंदाज म्हणूनच सांगितला. साक्यातून घटक कळतात, प्रमाण कळत नाही.

ग्रोजिस्केविषयी थोडक्यात सांगतो. पोलंडमधील ग्रोजिस्क गावची ही बीअर ओकच्या धुरावर वाळवलेल्या निव्वळ गव्हाच्या माल्टची असते, त्यामुळे धुराचा वास असायलाच हवा. गव्हाला टरफल नसल्याने गाळणीचा थर घट्ट बसतो, काढा थेंबथेंब उतरतो आणि जवाच्या बीअरच्या तुलनेत वेळ फार जातो. शिवाय असा माल्ट मोजकेच लोक करतात. किंमत त्यामुळे वाढते. मद्यार्क कमी म्हणून दरही कमी असावा, ही आपली अपेक्षा समजण्यासारखी आहे, पण खर्च मद्यार्काच्या हिशेबाने होत नाही.

राहिला गोष्टींचा प्रश्न. समुद्रप्रवासात साधी बीअर नासत असे, म्हणून लंडनचे ब्रुअरीमालक हॉजसन यांनी भारतासाठी आयपीए, म्हणजे ‘इंडिया पेल एल’ ही फिकट, कडवट बीअर, शोधून काढली, ही कथा आम्ही आयपीएच्या लेबलवर छापायला हवी होती, असे आपण सुचवता. हॉजसन यांची लंडनमधील बो येथील ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्यांजवळ होती, ते जहाजांच्या कप्तानांना लांब मुदतीची उधारी देत आणि त्यांचा माल भारतात खूप खपला, हे सारे खरे आहे. पण त्यांनी काही नवे शोधल्याचा पुरावा नाही. त्यांच्या आधीही बीअर भारतात जात होती, आणि पोर्टरही तो प्रवास नीट पार करून सैनिकांपर्यंत पोहोचत होती. लंडनमध्ये १७ ऑक्टोबर १८१४ रोजी पोर्टरचा २२ फूट उंच हौद फुटून ८ जणांचा मृत्यू झाला, ही घटना तर पूर्णपणे खरी आहे आणि लेबलवर तिच्याकडे लक्षही वेधले जाईल. ती आम्ही छापणार नाही. दुर्घटनेच्या चित्राखाली बीअर विकणे मला प्रशस्त वाटत नाही.

गोझेमधील मीठ आम्ही कमी करणार नाही आणि पोर्टरचा रंगही बदलणार नाही. या मालिकेतील कोणत्याही बीअरची चव लहान ग्लासात आधी विनामूल्य मागता येते. पुढील भेटीत आपण ती जरूर मागावी आणि आवडली तरच पूर्ण ग्लास घ्यावा. आंबट-धुरकट काहीच नको असेल, तर पहिल्या नळावर आमची साधी लागर बारा महिने असते.

आपला,
ब्रुअरीचा मालक