माकडाचा विषाणू, कोर्टातली कबुली आणि कोविशील्ड

एक फॉरवर्ड पुन्हा फिरतोय: ‘कोविशील्डमध्ये माकडाचा जिवंत विषाणू आहे, तो अंगात वाढत राहतो, आपली जनुकं बदलतो, लस वर्षभरात उरकली, आणि आता कंपनीनेच कोर्टात कबुली दिली. म्हणूनच तरुणांना अटॅक येतायत.’ यातलं थोडं खरं आहे, म्हणून बाकीचंही खपतं.

विषाणू चिंपांझीचाच, अडेनोव्हायरस म्हणजे सर्दी-खोकल्यासारखे आजार आणणाऱ्या गटातला. (चिंपांझी माकड नव्हे, पण असो.) तो मुद्दाम निवडला. माणसांतले अडेनोव्हायरस अनेकांना आधीच होऊन गेलेले असतात. त्यांच्यावर बेतलेली लस जुन्या अँटिबॉडीजच निकामी करू शकतात.

‘वाढत राहतो’ हे मात्र साफ खोटं. वाढीला लागणारं ई-१ जनुक काढून टाकलंय आणि कोरोनाच्या स्पाइक प्रथिनाचं जनुक घातलंय. कारखान्यातसुद्धा हा विषाणू ई-१ पुरवणाऱ्या खास पेशींतच वाढवावा लागतो. माहितीपत्रक वाचा: अर्ध्या मिलिलिटरच्या एका डोसमध्ये ५००० कोटी विषाणूकण. गोवराच्या लशीतला दुबळा केलेला विषाणू अंगात खरोखरच वाढतो, म्हणून तिथे किमान १००० संसर्गक्षम कण पुरतात. कोविशील्डचे सगळे कण पेशीत शिरण्याजोगे नसतात हे धरलं तरी फरक प्रचंड उरतो. आपोआप वाढणारा विषाणू असता, तर पुण्याच्या कारखान्याने एवढा भरणा कशाला केला असता?

जनुकांचं म्हणाल तर लशीतला डीएनए पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो, पण गुणसूत्रांत स्वतःला जोडून घेण्याची एचआयव्हीसारखी यंत्रणा अडेनोव्हायरसकडे नाही.

आणि ‘वर्षभरात’? याच चिंपांझी-विषाणूवर बेतलेल्या मर्सच्या (कोरोनाच्याच कुळातल्या एका विषाणूने होणाऱ्या आजाराच्या) लशीची माणसांवरची चाचणी ऑक्सफर्डमध्ये २०१८ सालीच सुरू झाली होती. २०२० मध्ये आतलं जनुक बदललं.

राहता राहिलं कोर्ट. ब्रिटनमधल्या दाव्यात ॲस्ट्राझेनेकाने (ऑक्सफर्डसोबत ही लस विकसित करणारी कंपनी) लिहून दिलं की या लशीने अतिशय क्वचित टीटीएस होऊ शकतो, म्हणजे रक्तात गुठळ्या आणि सोबत प्लेटलेट्स घसरणं. हे खरं आहे. त्यात माणसं दगावलीत, आणि ‘शंभर टक्के निर्धोक’ म्हणत सुटलेल्यांनी फॉरवर्डवाल्यांच्या हातात आयतं कोलीत दिलं. पण २०२४ मध्ये गाजलेली ती बातमी नवी नव्हती. एप्रिल २०२१ मध्येच युरोपच्या औषध नियामकाने हा दुष्परिणाम जाहीर केला होता आणि डेन्मार्कने त्याच महिन्यात ही लस थांबवली होती. शिवाय टीटीएस बहुतेकदा डोसनंतर पहिल्या तीन आठवड्यांत उद्भवतो. तीन वर्षांनी जिममध्ये आलेला अटॅक त्याच्या खात्यावर टाकता येत नाही.