आयत्या डेबियनवर नागोबा

१९९३ सालापासून असंख्य स्वयंसेवकांनी पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमची बसवायला तयार गाठोडी, बांधून, तपासून आणि त्यांवरून एकमेकांशी कडाक्याचे भांडून डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम उभी केली, ती तुम्हाला एका शनिवार-रविवारात स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम काढता यावी म्हणूनच, याविषयी मनात किंतु आणू नये. डिबूटस्ट्रॅप या साधनाने रिकाम्या डिरेक्टरीत मूळ प्रणाली उतरवावी आणि पॅकेजांची यादी व सेटिंग्ज बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिटमध्ये ठेवून लाइव्ह-बिल्ड या साधनाकडून आयएसओ (सिस्टीम बसवण्याची एकसंध फाइल) करून घ्यावी, असे जुनी मंडळी सांगतील. त्यांच्या नादी लागू नका. व्हर्च्युअल मशीनमध्ये डेबियन बसवावे, माउसने हवे ते हलवावे, नको ते उडवावे आणि जे उरेल त्याचीच आयएसओ करावी. म्हणजे तीच सिस्टीम पुन्हा बांधणे कोणालाच, अगदी तुम्हालाही, जमणार नाही. उरलेला वेळ वॉलपेपरला द्यावा.

एखाद्या पॅकेजमध्ये बदल करावा लागलाच, तर तो थेट मूळ सोर्समध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या लिहिलेल्या कोडमध्ये, करावा. प्रत्येक बदलाचा स्वतंत्र पॅच (तेवढ्या बदलाची वेगळी फाइल) ठेवायचा आणि तो कोणी, कशासाठी केला व मूळ लेखकांना कळवला की नाही, हे त्याच्या माथ्यावर लिहायचे, अशी डेबियनमध्ये रीत आहे. तुम्ही चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, ‘किरकोळ सुधारणा’ असे लिहून मोकळे व्हावे. किरकोळ सुधारणेचे सामर्थ्य पाहायचे असेल, तर दाखला खुद्द डेबियनच्याच घरचा आहे. २००६ मध्ये, तपासणीचे एक साधन कुरकुर करते म्हणून, तेथील ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरच्या पॅकेजमधून कोडचा एक बारीकसा तुकडा बाद करण्यात आला, आणि गुप्त संवादाची किल्ली तयार करताना तिचा अंदाज कोणाला येऊ नये यासाठी आधार उरला तो केवळ प्रोसेस क्रमांकाचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमला मिळणाऱ्या क्रमांकाचा, ज्याची तेव्हाची नेहमीची कमाल मर्यादा ३२,७६८. मे २००८ मध्ये हे उघडकीस येईपर्यंत उबुंटूसारख्या डेबियनवर बेतलेल्या सिस्टीमही त्याच मोजक्या किल्ल्या इमानाने वाटत होत्या. हा तुकडा काढणाऱ्या डेबियनच्या बिचाऱ्या स्वयंसेवकाने बदल करण्याआधी ओपनएसएसएलच्या लोकांना विचारले तरी होते. तुम्ही तेवढाही वेळ वाचवावा.

आवृत्ती क्रमांकाचेही असेच. डेबियनच्या १.२-३ ला आपल्या नावाचे छोटे शेपूट जोडले, तर डेबियनचे पुढचे पॅकेज त्याहून मोठे ठरते आणि सुरक्षेची दुरुस्ती वापरकर्त्यापर्यंत निमूटपणे पोहोचते, त्यात तुमचा काय मान राहिला? पुढे ९९ चा इपॉक, म्हणजे बाकी साऱ्या आकड्यांआधी मोजला जाणारा अंक, लावावा. ९९:१.२-३ समोर डेबियनची कोणतीही दुरुस्ती पॅकेजेस बसवणाऱ्या एपीटीला कायम लहानच दिसेल आणि तुमचे पॅकेज, त्यातील भोकांसह, अढळपदी राहील.

सिस्टीमची ओळख सांगणाऱ्या ओएस-रिलीज या फाइलमध्ये नाव तेवढे बदलावे, बग नोंदवण्याचा पत्ता मात्र डेबियनचाच राहू द्यावा. तुमचे मोडके पॅनेल घेऊन लोक त्यांच्या दारात जातील आणि तुमच्याकडे एकही तक्रार नसल्याचे तुम्हाला अभिमानाने सांगता येईल. सोर्सबाबतही हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावे. २००६ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने मेपिस या अशाच बेतलेल्या सिस्टीमला बजावले होते की, जीपीएल या मुक्त परवान्याखालील पॅकेज न बदलता वाटले तरी त्याचा सोर्स वाटणाऱ्यानेच द्यायचा असतो, मूळ प्रकल्पाकडे बोट दाखवून भागत नाही; पण तुमच्याकडे इतक्यात कोण बघतो?

राहिली सुरक्षितता. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमच्या संकेतस्थळात घुसून हल्लेखोरांनी डाउनलोडचा दुवा चोरवाट बसवलेल्या आयएसओकडे वळवला होता. यावरून धडा घेऊन चेकसम (फाइल बदललेली नाही ना, हे पडताळण्याचा आकडा) आयएसओच्याच पानावर ठेवावा आणि त्यावर स्वाक्षरी करू नये, म्हणजे पाहुण्याला दोन्ही एकाच फेरीत बदलता येतील. रिपॉझिटरीची, म्हणजे पॅकेजेसच्या कोठाराची, स्वाक्षरीची किल्ली एकाच लॅपटॉपवर असावी, तिची मुदत वर्षभराची असावी आणि ती संपल्याचे तुम्हाला वापरकर्त्यांकडून कळावे. अपडेट होत नाही म्हणून ते ओरडू लागले की त्यांना पॅकेजेस कोठून घ्यायची त्या सोर्सेसच्या यादीत ‘ट्रस्टेड=येस’, म्हणजे स्वाक्षरी न तपासताच विश्वास ठेव, असे लिहायला सांगावे, म्हणजे नवी किल्ली करण्याची वेळ पुन्हा कधीच येणार नाही.