कॅमेऱ्याच्या माथी मारलेला इतिहास

“कॅमेरा आला, हुबेहूब चित्रांना गिऱ्हाईक उरलं नाही. मग ज्यांना धड रेखाटता येत नव्हतं त्यांनी रंगांचे फराटे ओढून त्यालाच कला म्हणायला सुरुवात केली. दलालांनी भाव चढवले आणि जग टाळ्या वाजवतंय.” आधुनिक युरोपीय चित्रकलेचा हा झटपट इतिहास व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत येतो. ऐकायला बिनतोड वाटतो, पण तारखा लावायला बसलं की उसवतो.

२०२४ साली पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात ‘पॅरिस १८७४’ हे प्रदर्शन भरलं आणि पुढे ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत गेलं. निमित्त होतं दृक्प्रत्ययवाद्यांच्या, म्हणजे क्षणाचा उजेड सुट्या फटकाऱ्यांत पकडू पाहणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या, पहिल्या प्रदर्शनाला दीडशे वर्षं झाल्याचं. त्या मंडळींची चित्रं आणि त्याच वर्षी ‘सलों’ या सरकारमान्य वार्षिक प्रदर्शनात लागलेली चित्रं इथे एकत्र टांगली होती. वरचा दावा तपासायला याहून सोयीची जागा नाही.

“हुबेहूब चित्रांना गिऱ्हाईक उरलं नाही.” दागेरचं छायाचित्रणाचं तंत्र १८३९ मध्ये जाहीर झालं. त्यानंतर चोवीस वर्षांनी, १८६३ मध्ये, काबानेल या सलोंच्या चित्रकाराने लाटांवर पहुडलेली गुळगुळीत व्हीनस देवता रंगवली आणि ती खुद्द फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनने विकत घेतली. घोडे, सैनिक, गणवेश यांतले बघणाऱ्याचे डोळे दुखावेत इतके बारकावे रंगवणारा मेसोनिए त्या काळातल्या सगळ्यांत महागड्या चित्रकारांपैकी एक होता. तसाच हुबेहूब रंगवणाऱ्या बुगरोकडे अमेरिकेतले धनिक रांग लावून होते. म्हणजे कॅमेरा येऊन पिढी उलटली तरी चलती हुबेहूबवाल्यांचीच होती. उधारीवर दिवस काढत होता तो दृक्प्रत्ययवाद्यांतला मोने.

कॅमेऱ्याने एक धंदा खरोखर बसवला, हस्तिदंतावर इवलीशी व्यक्तिचित्रं काढणाऱ्यांचा. पण १८७४ च्या भिंतींवर ते लोक नव्हते. यंत्राने पोटावर पाय दिलेला एक जण मात्र तिथे सापडतो, रनवार. गंमत अशी की त्याचं लहानपणीचं काम गेलं ते चिनी मातीच्या भांड्यांवर छापील नक्षी यायला लागली म्हणून.

आणि ते पहिलं प्रदर्शन भरलं कुठे? १५ एप्रिल १८७४ रोजी, बुलव्हार दे कापुसीनवर, नादारच्या जुन्या स्टुडिओत. नादार हा पॅरिसचा सगळ्यांत नावाजलेला फोटोग्राफर! त्याच प्रदर्शनात मोनेने या रस्त्याचं वरून दिसणारं चित्र लावलं होतं. त्यातली माणसं म्हणजे नुसते काळसर ठिपके, कडा विरलेले. त्या काळातल्या संथ कॅमेऱ्यांत चालती माणसं अशीच पुसट उमटत. तेव्हाच्या टीकाकाराने त्या ठिपक्यांची भरपूर टर उडवली. त्यांच्यातल्याच देगाने तर पुढे १८९५ च्या सुमारास स्वतःच कॅमेरा हाती घेतला. वैऱ्याशी कुणी असं वागत नाही.

“धड रेखाटता येत नव्हतं.” बेर्त मोरिसो या चित्रकर्तीचं ‘पाळणा’ हे १८७२ चं चित्र १८७४ च्या त्याच प्रदर्शनात होतं. ते जवळून बघावं. मोरिसोची बहीण, बाळाची आई, पाळण्याशी बसली आहे, गाल डाव्या तळव्यावर टेकवलेला. झोपलेल्या बाळाचा हातही डोक्याशी तसाच दुमडलेला. आईने जाळीचा पडदा ओढून बाळ आणि चित्र बघणारे आपण यांच्यामध्ये घेतला आहे. ती जाळी म्हणजे पांढऱ्या-करड्या रंगाचे पातळ, सैल फटकारे, आणि तरीही बाळाचा चेहरा त्यातून अंधुक दिसत राहतो. हात बसला नसेल तर हे जमत नाही. मोरिसोची चित्रं १८६४ पासून सलोंमध्ये निवडली जात होती. पुढच्या पिढीतल्या पिकासोने ‘विज्ञान आणि करुणा’ हे आजारी बाई आणि नाडी बघणारा डॉक्टर असं अगदी शाळाशुद्ध चित्र वयाच्या पंधराव्या वर्षी रंगवलं होतं. बार्सिलोनात आहे, जाऊन बघता येतं.

मग बदल झाला कशामुळे? माझ्या मते ‘कॅमेरा’ या उत्तरात मुख्य गोष्टच सुटते, ती म्हणजे रंग. सर्वसामान्यांना विकत मिळेल असं रंगीत छायाचित्रण १९०७ मध्ये आलं; तोवर कॅमेऱ्याचा रंगांच्या भांडणाशी संबंधच नव्हता. दागेरच्याच वर्षी, १८३९ मध्ये, शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाचा रंगांवरचा ग्रंथ निघाला. तो पॅरिसमधल्या गोबलँच्या विणकाम कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तिथे तक्रार होती की काळा धागा फिका दिसतो. त्याने तपासलं तर खोट रंगात नव्हती, शेजारच्या धाग्यांच्या रंगात होती; म्हणजे शेजार बदलला की तोच रंग वेगळा भासतो. दृक्प्रत्ययवाद्यांच्या सावल्या काळ्याऐवजी निळ्या-जांभळ्या का झाल्या, याचा एक धागा इथे आहे. दुसरा धागा रंग भरायच्या कथलाच्या नळीत: अमेरिकी चित्रकार रँडने तिचं पेटंट १८४१ मध्ये घेतलं आणि तेलरंग खिशात घालून उन्हात जाणं सोपं झालं. नळ्या काबानेलकडेही होत्या हे खरं, त्यामुळे सगळं श्रेय त्यांनाही नको.

“दलालांनी भाव चढवले.” ज्याच्यावर हा आळ येतो तो चित्रविक्रेता द्युरां-रुएल दृक्प्रत्ययवाद्यांच्या चित्रांपायी दोनदा तरी दिवाळं निघायच्या बेतात आला होता. १८७४ चं प्रदर्शन पाहायला जेमतेम साडेतीन हजार माणसं आली. भाव यायला वीसेक वर्षं गेली. इतकं लांबणारं कारस्थान कोण रचतं?

कॅमेरा विरुद्ध कुंचला ही लढाई खरी मानणाऱ्यांसाठी मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह गटातले चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा किस्सा आहे. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये त्यांची चित्रं पाहून एका फ्रेंच माणसाने सांगितलं की हात चांगला आहे पण रचना कच्ची आहे, सेझान या फ्रेंच चित्रकाराचा अभ्यास कर. रझा १९५० मध्ये शिष्यवृत्ती घेऊन पॅरिसला गेले. सल्ला देणारा होता आंरी कार्तिए-ब्रेसाँ, फोटोग्राफर.