थर्माकोल भिंतीला, ऊन मात्र छपरावर

उन्हाळा लागला की एक मेसेज फिरू लागतो: जुन्या घराच्या बाहेरच्या भिंतींना दोन इंची थर्माकोल चिकटवा, वरून सिमेंटचं प्लास्टर मारा, घर दहा अंशांनी गार, एसी नको, ओलही कायमची बंद. थर्माकोल उष्णता अडवतो, एवढं खरं. पुढचं बघू.

‘दहा अंश’. मे अखेरीस नागपुरात भर दुपारचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. दक्षिणेच्या भिंतीवर तेव्हा ऊन नसतंच म्हणा ना. तापतं ते छप्पर, आणि सकाळ-संध्याकाळ पूर्व-पश्चिमेच्या भिंती. दुपारी चारला स्टुलावर चढून आतून स्लॅबला हात लावा, मग दक्षिणेच्या भिंतीला. एकमजली घराचं छत तसंच सोडून भिंती झाकायच्या, म्हणजे डोक्याला दुपट्टा न बांधता नुसते हातमोजे घालून उन्हात निघायचं.

‘एसी नको’. उलट आहे. नऊ इंची विटेच्या भिंतीतून येणारी उष्णता असा थर नीट बसवला तर साधारण चौथाईवर येते, पण त्याचा खरा लाभ बंद, एसीच्या खोलीला. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, खिडकी उघडी ठेवावी लागते. तिथे भिंतीच्या थराला फारसं काम उरत नाही.

‘ओल बंद’. हा दावा सगळ्यात घातक. जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर बहुधा नसतो. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं आणि माती-चुन्याच्या गिलाव्यातून वाळून जातं. बाहेरून ही वाट बुजवली की ओल आणखी वर चढते आणि आतल्या बाजूने निघते. रंग फुगतो, पोपडे सुटतात, लोणा लागतो, नखाने खरवडलं तरी विटेचा भुगा पडतो. मातीची भिंत तर पायाशीच मऊ पडते. आधी पन्हाळी, गळके नळ, जोत्याशी साचणारं पाणी बघा.

आणि दुकानातला पॅकिंगचा थर्माकोल? त्यावर सिमेंट धरत नाही. जाळी, खास चिकटवण, खिळे सगळं लागतं. शंभर अंशांच्या आसपास तो मऊ पडतो, पेटला तर काळा धूर सोडत जळतो. मीटरच्या पेटीभोवती तो चिकटवायचा सल्ला देणाऱ्यांपुढे हात टेकले.

पैसे मोजकेच असतील तर पहिले गच्चीच्या पांढऱ्या रंगावर घाला, मग पश्चिमेच्या सावलीवर. एसीची खोली पश्चिमेला आणि भिंत कोरडी असेल, तर त्या एका भिंतीचा विचार जरूर करा.