रेल्वे कप रेल्वेवाल्यांचा नव्हता आणि मन्स्टर दरवर्षी जिंकत नव्हता

परवा सांगलीहून मावशीचा फोन आला. "अगं, पोरीला त्या काठ्यांच्या खेळाला पाठवू नकोस. माणसं जायबंदी होतात म्हणून तिथली मोठी स्पर्धाच बंद पाडली म्हणे." तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला होता. तोच मला डब्लिनमध्येही तिघांनी पाठवलाय. त्यात म्हटलंय की हर्लिंग (हाच तो काठ्यांचा खेळ) म्हणजे इंग्रजांनी आयर्लंडला शिकवलेली हॉकी. रेल्वे कप ही रेल्वे कर्मचाऱ्यांची स्पर्धा. मन्स्टर प्रांत पैशाच्या जोरावर दरवर्षी जिंकायचा, क्रिस्टी रिंग या पगारी खेळाडूने सलग १८ वर्षं कप नेला आणि शेवटी रक्तपातामुळे सगळं बंद पडलं.

हॉकीचं एका वाक्यात संपवते. १३६६ साली किल्केनीच्या कायद्याने इंग्रज राज्यकर्त्यांनी याच खेळावर बंदी घातली होती. शिकवणारे बंदी घालतात का?

रेल्वेचं नाव आलं, कारण चषक ग्रेट सदर्न रेल्वे कंपनीने दिला. रणजीत आपला रेल्वेचा संघ असतो, तसा हा प्रकार नाही. १९२७ पासून यात लेन्स्टर, मन्स्टर, कॉनॉट आणि अल्स्टर या चार प्रांतांचे निवडक खेळाडू उतरायचे. पहिल्याच वर्षी जिंकला लेन्स्टर. 'दरवर्षी मन्स्टर' तिथेच खोटं ठरतं.

आता ते १८. रिंगकडे रेल्वे कपची १८ पदकं आहेत, हे खरं. मन्स्टरची विजेतेपदंही सगळ्यांत जास्त, चाळिसाच्या वर. पण 'सलग' कुठून आणलं? रिंगच्या पदकांची वर्षं मांडून बघा: १९४२ ते ४६ पाच, १९४८ ते ५३ सहा, मग ५५, ५७ ते ६१ आणि ६३. मधलं १९४७ कुठे गेलं? त्या वर्षी कॉनॉटने अंतिम सामन्यात मन्स्टरला २-५ विरुद्ध १-१ असं हरवलं. गोलाचे तीन गुण, गोलाच्या आडव्या दांडीवरून गेलेल्या चेंडूचा एक, म्हणजे ११ विरुद्ध ४. आणि कॉनॉटचा तो अख्खा संघ एकट्या गॉलवे काउंटीचा, म्हणजे प्रांतातल्या एका जिल्ह्याचा होता. बाकीच्या काउंट्यांत तेव्हा त्या तोडीचं हर्लिंगच नव्हतं. एका काउंटीच्या पोरांनी अख्ख्या मन्स्टरला चार गुणांवर रोखलं, आणि या फॉरवर्डवाल्याने ते वर्षच पुसून टाकलं! मला सगळ्यांत जास्त राग याचाच आला. कॉनॉटला पुढचा कप थेट १९८० साली मिळाला. त्याच वर्षी गॉलवेने ५७ वर्षांनी अखिल आयर्लंड विजेतेपदही घेतलं. १९५४ मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ४९,०२३ लोक सामने बघायला आले, त्या वर्षीही मन्स्टर हरलाच.

आणि पगारी? रिंग पोटासाठी तेलाच्या कंपनीची लॉरी चालवायचा. हा खेळ तेव्हाही हौशी होता, आजही आहे.

राहिला रक्तपात. मावशी घाबरली ती यानेच. बोटं मोडतात, हाताला लागतं, हे मी नाकारत नाही. पण स्पर्धा ओसरली ती प्रेक्षक आटले म्हणून. पूर्वी अंतिम सामने १७ मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेला व्हायचे, लोक सणासारखे जमायचे. पुढे तो दिवस क्लब संघांच्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यांनी घेतला आणि प्रांतांचे सामने कॅलेंडरमध्ये इकडून तिकडे ढकलले गेले. २००३ चा हर्लिंगचा अंतिम सामना तर रोममध्ये झाला. रिकाम्या गॅलऱ्यांपुढे किती वर्षं खेळणार?

२०१० पासून हर्लिंगमध्ये सगळ्या वयोगटांना हेल्मेट सक्तीचं आहे. माझी मुलगी मुलींचं हर्लिंग, म्हणजे कॅमोगी खेळते. काल व्हिडिओ कॉलवर मावशीला तिचं हेल्मेट दाखवलं. पुढच्या स्टीलच्या जाळीतून बोट आत घालून बघितलं, पहिल्या पेराच्या पुढे जाईना. मग अ‍ॅशच्या लाकडाची तिची काठी दाखवली, कमरेइतकीच उंच, चपट्या टोकाला पत्रा ठोकलेला. मावशी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे सगळं लिहून पाठव, मी ग्रुपवर टाकते."