घर नाही तर कार्ड कसलं? दाजींनी पाठवलेल्या फॉरवर्डबद्दल

परवा रात्री साडेदहाला ताईचा फोन. "अरे, व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय ते खरं का? हे म्हणतायत, पोरीला आता पाठवायचं नाही." पोरगी म्हणजे माझी भाची. सांगलीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत आहे. तिचा गट सध्या मिरज स्टेशनच्या आसपास झोपणाऱ्यांची कागदपत्रं करून देतोय.

मजकूर असा: 'पालकांनो सावधान! कॉलेजं समाजसेवेच्या नावाखाली मुलांना भिकाऱ्यांची कार्डं काढायला लावतात. घर नसलेल्याला मतदार कार्ड काढून देणं गुन्हा आहे, मुलं तुरुंगात जातील. हे लोक लखपती असतात. अभ्यास बुडतो. सगळं फोटोसाठी. परदेशी फॅड.' खाली 'दहा ग्रुपवर पाठवा'. दाजींनी अकरा ग्रुपवर पाठवलं होतं.

आधी तुरुंगाचं बघू, कारण ताईची झोप त्यानं उडवली. निवडणूक आयोगाची सूचना स्पष्ट आहे. बेघर माणूसही नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, भरू शकतो. पत्ता म्हणून तो जिथं झोपतो ती जागा लिहायची. मग बीएलओनं, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यानं, रात्री तिथं जाऊन बघायचं, माणूस खरंच तिथं झोपतो का. एका रात्रीवर भागत नाही, पुन्हा जायचं. सापडला, की राहण्याचा कागदी पुरावा मागायचा नाही. म्हणजे आयोगाला पोत्यावरची चादर चालते, दाजींना चालत नाही.

भाचीनं सांगितलेले एक आजोबा आहेत. उमेद होती तोवर विट्याला यंत्रमागावर होते. कॅरीबॅगेत कॅरीबॅग, वर तीन रबरं, आत पासबुक. निराधार योजनेचे पैसे यायचे ते केवायसी, म्हणजे बँकेतली ओळखीची पडताळणी, राहिली म्हणून अडकलेले. फॉर्ममध्ये घर क्रमांकाच्या रकान्याशी हिचं पेन अडलं, तर आजोबाच म्हणाले, "लिही की, पार्सल ऑफिसची भिंत, दिव्याखाली." ही मला म्हणते, "मामा, केवायसी मी परीक्षेत पाच मार्कांना लिहून आले. ती राहिली की माणूस वडापाव अर्धा करून खातो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं." आता हा अभ्यास बुडाला म्हणायचा का?

'लखपती' तर कहरच. कुठंतरी एकाच्या गोधडीत नोटा सापडल्याची बातमी येते आणि ती वर्षभर फिरते. २०११ च्या जनगणनेत देशात साडेसतरा लाखांवर माणसं बेघर मोजली गेली, त्यातली दोन लाखांवर महाराष्ट्रात. एवढ्या गोधड्या कुणी उसवून बघितल्या? ऑगस्ट २०१९ च्या पुरात आपणही शाळांच्या वर्गांत सतरंज्या टाकून झोपलो होतो, दाजी. तेव्हा आलेली खिचडी घेताना आपल्याला कुणी पासबुक दाखवा म्हणालं नाही.

अभ्यासाचा हिशोब सोपा आहे. एनएसएसचे तास वर्षाला १२०. रोजचे वीस मिनिटं. एवढा वेळ तर दाजींचा फॉरवर्ड वाचून पुढं ढकलण्यात जातो.

परदेशी फॅड? एनएसएस १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्याच्या कितीतरी आधी साताऱ्यात बोर्डिंग काढून पोरांना अंगमेहनत करत शिकवलं. दाजी स्वतः त्यांच्याच रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेत, त्यांना हे मी सांगायचं!

फोटोचं मात्र थोडं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. चार पोरं एका ब्लँकेटला हात लावून उभी, आणि बॅनर नीट दिसावा म्हणून झोपलेल्या म्हातारीला दोनदा उठवलं, हे मी एका स्टँडवर डोळ्यांनी बघितलंय. त्याच्यावर खुशाल ओरडा, मीही येतो ओरडायला. पण त्यासाठी पोरीला घरी कशाला बसवता?

दाजी, 'सर्वांसाठी डिलीट'ची मुदत आता टळली असेल. त्या अकरा ग्रुपवर हे हातानं टाइप करून टाका.