साडेचारचा हिशेब आणि मुलीचा अर्ज

गेल्या मार्चात शेजारच्या मुलीने विद्यापीठातल्या सोमाली विद्यार्थी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी अर्ज भरला आणि पंधरा दिवस दोन घरांची झोप उडाली. एक तिचं, दुसरं माझं. ती मला 'एड्डो' म्हणते, म्हणजे आत्या. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये मला अठरा वर्षं झाली. त्यातली तेरा या कुटुंबाच्या भिंतीला भिंत लावून गेली.

ती हरेल याची काळजी नव्हतीच, काळजी होती जुनं वैर उकरलं जाण्याची. तिची आई हर्गेसाची, म्हणजे आजच्या सोमालीलँडच्या राजधानीची. 1988 मध्ये सोमालियाचा हुकूमशहा सियाद बर्रे याच्या राजवटीने हर्गेसावर बाँब टाकले, तेही त्याच शहराच्या धावपट्टीवरून उडालेल्या विमानांतून. तीन वर्षांनी, 1991 च्या मे महिन्यात, सोमालीलँडने सोमालियापासून वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. समोरच्या उमेदवाराचे आईवडील मोगादिशूचे, म्हणजे सोमालियाच्या राजधानीचे. मंडळाच्या कार्यक्रमात सोमालियाचा, पांढऱ्या ताऱ्याचा आकाशी झेंडा लागतो. त्या ताऱ्याची पाच टोकं म्हणजे सोमाली लोकांचे पाच प्रदेश. माझ्या शेजारणीला त्या झेंड्याकडे पाहवत नाही. "आता सगळे तिला आधी तिचं कबील विचारतील," ती मला म्हणाली. कबील म्हणजे कूळ. अर्थ तिने सांगायची गरज नव्हती, मी महाराष्ट्रातून आलेय.

मग दोन्हीकडचे काका लोक पुढे आले. प्रेमानेच आले, हे आधी सांगते. त्यांचं म्हणणं असं, की मुलांमध्ये कशाला भांडणं लावायची? या वर्षी त्यांचा मुलगा होऊ दे, पुढच्या वर्षी आपली मुलगी. अर्ज मागे घे.

हे ऐकताना मला आमच्या गावची चावडी दिसली. 'बिनविरोध' हा शब्द आपण किती कौतुकाने उच्चारतो! ग्रामपंचायत बिनविरोध झाली की सत्कार होतात, आमदार निधी जाहीर करतात. त्या एकोप्याच्या पोटात काय असतं ते 2021 मध्ये दिसलं. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीत सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगाला तिथल्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या. लिलाव नसेल तिथेही गप्प कोणी बसायचं हे बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं.

सोमालियात हीच वाटणी देशाच्या पातळीवर आहे. 2000 साली जिबूतीतल्या आर्ता इथे झालेल्या परिषदेत 'साडेचार'चं सूत्र ठरलं. चार मोठ्या कुळांना समान वाटा आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा. यादवी थांबवायला तेव्हा दुसरा मार्ग सुचला नसेल, हे मी मान्य करते. पण कोणाचं तरी मूल जन्मतःच 'अर्ध्या'त मोजलं जातं, हे मला सहन होत नाही. 1969 नंतर कित्येक दशकं तिथल्या जनतेला अनेक पक्षांतून, थेट मतदानाने संसद निवडता आली नाही. 2022 च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्षही निवडला तो संसद सदस्यांनीच, मोगादिशू विमानतळाच्या आवारातल्या एका हँगरमध्ये. निवडून आलेले हसन शेख मोहमूद ऐंशीच्या दशकात भोपाळला शिकले होते. आपल्याकडच्या निवडणुकाही त्यांनी पाहिल्या असतील.

आपण तरी काय केलं? 1994 च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका गेल्या आणि मार्कांवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. मीही अशीच, मार्कांमुळे, वर्गप्रतिनिधी झाले होते. मला कोणी निवडलं नव्हतं, त्यामुळे मला जाब विचारायचा हक्क कोणालाच वाटला नाही. आणि योगायोग पाहा, त्याच 1994 साली ब्रिटनच्या शिक्षण कायद्याने विद्यार्थी संघटनांच्या प्रमुख पदांसाठी गुप्त मतदान बंधनकारक केलं.

निवडणुकांतल्या मारामाऱ्यांत मुलांचे जीव गेले म्हणून आपल्याकडे बंदी आली. तेव्हाच्या आयांना मी दोष देणार नाही. पण नंतर विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने 2006 मध्ये उमेदवाराच्या खर्चाला पाच हजार रुपयांची मर्यादा सुचवली, सर्वोच्च न्यायालयाने ती लागूही केली. राज्याच्या 2016 च्या कायद्यात निवडणुका परत आल्या. 2019 मध्ये त्या घेण्याचं जाहीर झालं, मग पुढे ढकलल्या गेल्या, मग कोविड आला. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने कॉलेजात एकदाही मत दिलेलं नाही. ताई म्हणते, "बरंच आहे, पोरं जातीवर मतं मागतील." अगं, जात काय मतपेटीतून आली? वसतिगृहाच्या खोल्यांत, मित्रांच्या कट्ट्यावर, ती आहेच. मत मागताना निदान दुसऱ्या जातीच्या मुलाच्या खोलीचं दार तरी ठोठवावं लागतं.

शेजारच्या मुलीने तेच केलं. अर्ज मागे घेतला नाही. ज्या मुलांना सोमाली धड बोलता येत नाही त्यांच्यासाठी भाषेचे वर्ग, आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर, एवढ्या दोन गोष्टी घेऊन ती मोगादिशूवाल्या मुलांकडेही गेली. इथल्या मतपत्रिकेवर उमेदवारांच्या खाली आणखी एक नाव असतं, 'रॉन'. त्याला मत म्हणजे यातलं कोणीच नको, अर्ज पुन्हा मागवा. उमेदवार एकटाच असला तरी त्याला रॉनला हरवावं लागतं. म्हणजे काकांची तडजोड झाली असती, तरी मुलांना 'नाही' म्हणता आलं असतं. माझ्या गावात ही सोय असती तर, असं मनात आल्यावाचून राहिलं नाही.

याच शहरात 2018 मध्ये मॅजिद मॅजिद लॉर्ड मेयर झाला. पाच वर्षांचा असताना तो सोमालियातून आईबरोबर इथे आला होता. मेयर होण्याआधी हल विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेचा तो अध्यक्ष होता. ते अध्यक्षपद त्याला कोणी पाळीपाळीने दिलं नव्हतं.

आमची मुलगी सहा मतांनी हरली. रात्री माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली, मी चहा करत राहिले. आठवड्याभरात जिंकलेल्या मुलाचा फोन आला. 26 जूनचा कार्यक्रम तू बघशील का? 1960 मध्ये त्या दिवशी ब्रिटिश सोमालीलँड स्वतंत्र झालं आणि 1 जुलैला इटालियन भागाशी एक झालं. मंडळ आजवर फक्त 1 जुलै साजरा करत आलं होतं. तिने एकच विचारलं, सोमालियाचा आणि सोमालीलँडचा, असे झेंडे दोन लावू का? त्यावर कार्यकारिणीत दोन तास वाद झाला, मग मतदान झालं आणि दोन्ही लागले.

तिच्या आईने त्या दिवशी मोठं पातेलं भरून मसालेभात, त्यांचा बारीस, करून पाठवला. स्वतः आली नाही. पातेलं मी आणि तिने दोन बाजूंनी धरून सभागृहापर्यंत नेलं. वाटेत ती म्हणाली, "एड्डो, पुढच्या मार्चात मी परत उभी राहतेय. आईला मात्र तू सांग."